बँडचे टी-शर्ट काढताय? आधी उरणाऱ्या खोक्याचा हिशोब करा

आमच्या घरी आईच्या कपाटावर एक खोकं साडेतीन वर्षं पडून होतं. आत ४१ काळे टी-शर्ट. १६ स्मॉल, १७ डबल एक्सएल आणि आठ असे ज्यांची छपाई हललेली. बँड तोपर्यंत बंद पडला होता, ड्रमर नोकरीला लागून बाहेर गेला होता, आणि आई दर दिवाळीच्या साफसफाईला ते खोकं खाली काढून विचारायची, अरे हे कुणाला देऊन तरी टाक. आम्ही १०० काढले होते, पाच साइज, प्रत्येकी २०, कारण छापणारा म्हणाला शंभरच्या वर रेट कमी लागतो आणि आम्हाला वाटलं समान वाटून घेतले की कुणी नाराज होणार नाही. मीडियम आणि लार्ज दुसऱ्याच गिगला (म्हणजे बँडच्या कार्यक्रमाला) संपले. पुढचं सगळं वर्ष लोक टेबलाशी येऊन "एल आहे का" विचारत होते आणि आम्ही नाही म्हणत होतो.

त्यानंतर अकरा वर्षं मी पुण्या-मुंबईत दुसऱ्यांच्या बँडचं मर्च (बँडच्या नावाचे टी-शर्ट, स्टिकर वगैरे विकायचा माल) बघतोय, टेबलावर बसतोय, छपाईला उभा राहतोय, आणि माझं मत पक्कं झालंय की छोट्या बँडचा मर्चमधला तोटा जवळपास कायम उरलेल्या मालात असतो. डिझाइन वाईट होतं म्हणून बुडालेले कमी बघितले, जास्त काढले म्हणून बुडालेले खूप. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं शेवटी त्या खोक्यापाशीच येतं, किती काढायचे, कुठल्या कापडावर, कसे छापायचे, कितीला विकायचे, सगळं.

आधी आकडा. गिगला किती लोक येणार हे बघून टी-शर्ट काढू नका, त्यातले किती जण खिशात हात घालणार ते बघा. पुण्यात एका रात्री १४० लोक होते, आम्ही ११ टी-शर्ट विकले आणि ती चांगली रात्र होती, आनंदाने घरी आलो होतो. दोन-तीन महिन्यांत तुमचे किती गिग ठरलेत, त्यातले किती तुमच्याच शहरात (तेच चेहरे परत येणार, ते दुसऱ्यांदा तोच टी-शर्ट घेणार नाहीत) आणि ऑनलाइन किती लोक नुसतं "ब्रो मर्च कधी" लिहितात आणि किती खरंच पैसे पाठवतील, याचा कागदावर हिशोब करा. पहिल्यांदा काढणाऱ्या बँडला मी ६० च्या वर जाऊ देत नाही.

६० चं साइजवार वाटप मी साधारण असं करतो: स्मॉल ७, मीडियम १७, लार्ज १९, एक्सएल १२, डबल एक्सएल ५. हेवी मेटल ऐकणारं पब्लिक असेल तर लार्ज-एक्सएलकडे अजून थोडं सरकवा कारण ही पोरं सैल घालतात. मुलींसाठी स्मॉल ठेवतातच सगळे, पण माझ्या टेबलावर बऱ्याच मुली लार्ज मागतात, ओव्हरसाइज घालायला, तेव्हा स्मॉल वाढवायची घाई करू नका. आणि साइजच्या अक्षरावर कधी जाऊ नका. एका कंपनीचा लार्ज छातीला ४२ इंच असतो, दुसरीचा ४०. टेप घेऊन मोजा, मोजलेले इंच लिहून टेबलावर चिकटवा आणि ऑनलाइन टाकाल तिथेही टाका. "साइज लहान आली" म्हणून परत येणारा माल हाही उरलेला मालच असतो, वर कुरिअरचे पैसे दोनदा गेलेले.

आता कापड. आपल्याकडे इचलकरंजी आहे, भिवंडी आहे, मालेगाव आहे, त्यामुळे पोरांना वाटतं कापड इथेच कुठेतरी स्वस्तात उचलू. पण ते सगळे माग आहेत, आणि टी-शर्टचं कापड मागावर होत नाही, ते होजिअरीचं, निटिंग मशीनवर नळीसारखं गोल निघतं. त्यामुळे प्लेन माल घ्याल तो फिरून फिरून बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुपूरचा निघतो, मध्ये एक-दोन व्यापारी असतात इतकंच. थेट तिरुपूरहून मागवायला हरकत नाही, पण पहिल्या वेळी नको, कारण माल खराब निघाला तर परत पाठवायला आणि भांडायला माणूस जवळचा बरा.

काय मागायचं? १८० जीएसएम, बायोवॉश (कापडावरची लव काढून मऊ करणारी धुलाई), १०० टक्के कॉटन. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १४०-१५० चा माल प्रचाराच्या टी-शर्टला चालतो, निवडणूक संपली की फडकं होतं. २२०-२४० चा ओव्हरसाइज हल्ली सगळ्यांना हवा असतो, दिसतोही छान, पण मुंबईच्या मे महिन्यात गर्दीत उभं राहून बघा तो घालून. विकणारा जे जीएसएम सांगेल त्यावर विश्वास ठेवायची गरज नाही: एक नमुना विकत घ्या, त्यातून बरोबर १० सेंमी बाय १० सेंमीचा तुकडा कापा आणि ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ठेवा. १.८ ग्रॅम भरला तर १८० जीएसएम. दीडच्या आसपास थांबला तर व्यापाऱ्याला तो तुकडा दाखवा, रेट आपोआप बदलतो.

दुसरा नमुना धुवायचा. त्यावर साध्या बॉलपेनने १० इंच बाय १० इंच चौकोन काढा, मशीनमध्ये तीनदा धुवा, उन्हात वाळवा आणि परत मोजा. साडेनऊ भरला म्हणजे पाच टक्के आटला, उंचीला दीड इंच गेला, पोट दिसणार. शिवण बघा, धुतल्यावर बाजूची शिवण पोटाकडे वळून येते का. गळ्याची रिब ओढून सोडा, परत जागेवर आली पाहिजे. या सगळ्याला एक आठवडा आणि दोन टी-शर्टचे पैसे जातात. हे न करता ६० चा ॲडव्हान्स देणारे मी खूप बघितलेत आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण ते पैसे बहुतेक वेळा कुणाच्यातरी पहिल्या पगारातले असतात.

माझा एक चुलतभाऊ मार्च २००७ ला आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड पहिल्यांदा बंगळुरूला आला तेव्हा इथून ट्रेनने गेला होता. तिथून आणलेला टी-शर्ट तो अजून घालतो. काळ्याचा करडा झालाय, कॉलरपाशी विरलाय, पण छपाई जागच्या जागी आहे. मी बँडवाल्यांना नेहमी त्याचा फोटो दाखवतो. तुमचा टी-शर्ट पाचव्या धुण्याला पिळवटला तर तो माणूस तुमचा दुसरा टी-शर्ट घेणार नाही, आणि तुमच्या पुढच्या लॉटचं खोकं तिथूनच भरायला लागतं.

छपाई. दोनच गोष्टींत निवड करायची असते, स्क्रीन की डीटीएफ. सब्लिमेशनचं (शाईची वाफ करून कापडात मुरवायची छपाई) कुणी सांगितलं तर ते पॉलिस्टरवर आणि फिक्या रंगावरच चालतं, काळ्या कॉटनवर नाही, विषय संपला.

डीटीएफ म्हणजे आधी फिल्मवर छापतात, त्यावर गोंदाची पावडर, मग हीट प्रेसने टी-शर्टवर दाबतात. फायदा एकच पण मोठा: एक नगही निघतो. पाच वेगळी डिझाइन दहा-दहा काढून बघायची असतील, किंवा डिझाइनमध्ये फोटोसारखे पन्नास रंग असतील तर हेच करा. तोटा असा की मोठा भरीव पॅच असेल तर छातीवर प्लॅस्टिक चिकटवल्यासारखं लागतं, घाम मुरत नाही, आणि काही महिन्यांनी घडीच्या जागी तडे जातात. डिझाइन रेषांचं, मध्ये मोकळ्या जागा असलेलं असेल तर पुष्कळ सुसह्य होतं.

स्क्रीन प्रिंटिंग मला मनापासून आवडतं. प्रत्येक रंगाला एक फ्रेम, म्हणजे जाळीची चौकट जिच्यातून शाई कापडावर दाबतात, त्यामुळे तीस-चाळीसच्या आत परवडत नाही, पण नीट केलेलं काम कापडाइतकंच टिकतं. आणि इथे स्वतः जाऊन उभं राहायचं, व्हॉट्सॲपवर फोटो मागवून भागत नाही. काळ्या टी-शर्टवर कुठलाही रंग थेट मारला तर मळकट दिसतो, म्हणून आधी पांढऱ्याचा बेस मारतात, तो हीट गनने किंवा फ्लॅशने (वर धरायचा हीटर) अर्धवट सुकवतात आणि वर खरा रंग. बघायचं असतं ते इथेच. पहिला नग निघाला की कडांकडे बघा: लाल अक्षराच्या बाजूने पांढरी केसाएवढी रेघ दिसतेय का? दिसली म्हणजे फ्रेम हललीय, तिथेच थांबवा. कारागीर म्हणेल लांबून दिसत नाही. दिसतं. आमच्या त्या खोक्यातले आठ असेच होते, आणि तेव्हा मी छपाईला गेलोच नव्हतो, संध्याकाळी गठ्ठा आणायला गेलो.

दुसरी तपासणी सुकवण्याची. प्लॅस्टिसॉल (उष्णतेने पक्की होणारी प्लॅस्टिकची) शाई असेल तर ती साधारण १६० अंशाला पूर्ण पिकते, आणि नुसती वरून तापून उपयोग नाही, तळापर्यंत तापली पाहिजे. घाईत सुकवायच्या मशीनचा बेल्ट जोरात फिरवला किंवा हीट गन भराभर फिरवली की वरून कोरडी दिसते आणि तिसऱ्या धुण्याला पापुद्रे निघतात. तपासायचं कसं, तर छापलेला भाग गार झाल्यावर दोन्ही अंगठ्यांनी ताणा. रबरासारखी ताणून परत आली तर ठीक, बारीक भेगा पडून खालचं काळं दिसलं तर कच्ची आहे. दर दहा-पंधरा नगांमागे एक ताणून बघा. कारागिराला राग येत नाही, उलट चांगला कारागीर तुमच्याकडे नीट बघायला लागतो, चहा मागवतो. पावसाळ्यात शक्यतो छपाई ठेवूच नका, फ्रेमवरचं इमल्शन (जाळीवर डिझाइन उमटवणारा लेप) हवेतल्या ओलाव्याने नीट वाळत नाही, बारीक रेषा वाहून जातात. ऑगस्टमध्ये गिग असेल तर माल मे महिन्यात काढून ठेवा.

फाइल देताना व्हेक्टर द्या (कितीही मोठी केली तरी न फाटणारी), किंवा खऱ्या मापात ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके. इन्स्टावरून उतरवलेला स्वतःचाच लोगो प्रिंटरला पाठवणारे बँड आजही आहेत. डिझाइनची रुंदी ११-१२ इंचाच्या वर नको, नाहीतर मीडियमवर ते काखेत जातं, कारण एकाच फ्रेमने सगळ्या साइज छापल्या जातात. आणि कॉलरपासून साधारण तीन इंच खाली. कागदावर त्या मापाची प्रिंट काढून कुणाच्यातरी छातीवर पिनांनी लावून आरशात बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आर्टिस्टचं बोलू, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. रोलिंग स्टोन्सचं ते जीभ बाहेर काढलेलं चिन्ह १९७० मध्ये जॉन पाश नावाच्या लंडनमधल्या आर्टच्या विद्यार्थ्याने केलं, त्याला सुरुवातीला ५० पाउंड मिळाले, आणि २००८ मध्ये मूळ चित्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने विकत घेतलं. चित्र कुठवर जाईल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणूनच आधी बोलून घ्यायचं. आपल्याकडे "एक्सपोजर मिळेल" म्हणून मैत्रीत करून घेतात आणि मग टी-शर्ट खपला की मैत्रीही जाते. ठरावीक रक्कम द्या, वर विकलेल्या नगामागे काहीतरी द्या, आणि पाच नग फुकट द्या. हे सगळं लिहून ठेवा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ प्रत्येक बँडने वाचावं असं मला वाटतं: हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं, मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. म्हणजे तुमचा जर्मनीतला मराठी मित्र पाच नग तिकडे मागवतोय आणि तुमच्या कागदावर प्रदेशच लिहिलेला नाही, असं व्हायला नको. एका पानाचा कागद पुरतो: काय चित्र, कशावर छापणार, किती वर्षं, कुठे, किती पैसे, दोघांच्या सह्या.

नावाचंही तसंच. नाव-लोगो ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर करायचा असेल तर कपड्यांचा वर्ग २५ आणि कार्यक्रमांचा ४१, वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन एका वर्गाची फी ४५०० रुपये. लगेच करायलाच पाहिजे असं नाही, पण करताना कुणाच्या नावावर करताय ते आधी ठरवा. एकट्या व्होकलिस्टच्या नावावर केलं आणि उद्या तो बाहेर पडला तर नाव त्याच्याबरोबर गेलं. आणि दुसऱ्याचं ढापू नका. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर, पुण्यात कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर आपण सगळ्यांनीच शाळेत असताना नकली मेटॅलिकाचे टी-शर्ट घेतलेत, मीही घेतलेत, पण स्वतः कलाकार झाल्यावर बिस्किटाच्या पुड्याचा लोगो वाकवून त्यात बँडचं नाव टाकणं मला पटत नाही. नोटीस आली की सगळा लॉट विकायचा थांबतो, परत खोकं कपाटावर.

आता किंमत, आणि हे सावकाश वाचा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचा रेट टाका. ६० नग: प्लेन टी-शर्ट २१० रुपये, झाले १२,६००. तीन फ्रेम, ४०० प्रमाणे १२००. छपाई ४५ रुपये नग, २७००. आर्टिस्ट ५०००. पिशव्या, टॅग, रिक्षा मिळून ९००. एकूण २२,४००. नगामागे ३७३ पडला. ७०० ला विकायचा ठरवला तर ३२ विकले की पैसे निघाले. ४५ विकले तर ३१,५०० आले, म्हणजे ९१०० राहिले, आणि उरलेल्या १५ मधले बँडने घातले, आर्टिस्टला दिले, थोडे पुढच्या गिगला.

आता छापणारा म्हणतो १२० काढा, स्वस्त पडेल. प्लेन २०० ला मिळाला, २४,०००. फ्रेम त्याच, १२००. छपाई ४० रुपये, ४८००. आर्टिस्ट ५०००, किरकोळ १५००. एकूण ३६,५००, नगामागे ३०४. जवळपास ७० रुपये वाचले की! पण तुमचे गिग तेवढेच, पब्लिक तेवढंच, विकले ४५च. ३१,५०० आले, पाच हजार खिशातून गेले आणि घरात ७५ टी-शर्ट. छापणारा फसवत नाहीये, त्याचं गणित बरोबर आहे, फक्त ते त्याचं गणित आहे.

किंमत ठरवताना फॅशन स्ट्रीटशी स्पर्धा करू नका. लोक विचारतात बाहेर दोन-अडीचशेत मिळतो, तुमचा सातशे का. टी-शर्ट हातात द्या, कापड चोळू द्या, आर्टिस्टचं नाव सांगा. आणि ६९९ वगैरे ठेवू नका, अंधारात रुपया शोधत बसाल. शंभराच्या पटीत ठेवा.

कमिशन! हे आधी विचारलं नाही तर वरचे ९१०० कुठे गेले कळणार नाही. काही ठिकाणी जागेवाला किंवा आयोजक मर्चच्या विक्रीतून टक्के मागतो. २० टक्के म्हटलं तर ३१,५०० चे ६३०० गेले, तुम्हाला राहिले २८००. लक्षात घ्या, तो विक्रीवर घेतो, नफ्यावर नाही, खर्चातला एक रुपया तो उचलत नाही. हे भांडण जगभर चालू आहे. ब्रिटनमध्ये फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन या कलाकारांच्या संघटनेने २०२२ मध्ये कमिशन न घेणाऱ्या जागांची यादीच करायला घेतली, आणि लाइव्ह नेशन या कॉन्सर्ट भरवणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या क्लबमध्ये मर्चवरचं कमिशन घेणं बंद केल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे लहान जागा बऱ्याचदा काहीच घेत नाहीत, पण एकदा आम्हाला गिग संपल्यावर, सामान भरताना, सांगितलं गेलं की चौथा हिस्सा द्या. आधी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. आम्ही दिला, कारण आमचे ॲम्प अजून आत होते. तेव्हापासून गिग ठरताना मेसेजमध्ये लिहून घेतो: मर्चचं टेबल मिळेल का, कुठे, लाइट आहे का, कमिशन किती. चार प्रश्न, आणि उत्तर लेखी.

टेबल कुठे, हे फार महत्त्वाचं. बाहेर पडायच्या वाटेवर पाहिजे, बारच्या मागे नको. स्वतःचा लाइट न्या, चार्जिंगचा साधा एलईडी चालतो, काळ्या टी-शर्टचं अंधारात काहीही दिसत नाही. एक टी-शर्ट हँगरवर डोक्याच्या उंचीला टांगा, किंमत हाताएवढ्या आकड्यात लिहा, कारण आवाजात कुणी विचारत नाही, लांबून वाचतात आणि ठरवतात. साइजवार गठ्ठे वेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर मोठं अक्षर. पैसे बहुतेक सगळे यूपीआयने येतात, पण गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून क्यूआर दोन वेगळ्या बँकांचे आणि दोन वेगळ्या सिमचे फोन ठेवा, शिवाय शंभर-शंभरच्या थोड्या नोटा सुट्ट्यासाठी. समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट बघून माल देऊ नका, तुमच्या फोनवर पैसे आलेले दिसले की द्या.

विक्री शेवटच्या वीस मिनिटांत होते. ओपन एअर असेल तर दहाला स्पीकर बंद, सगळे एकदम बाहेर निघतात, तेव्हा टेबलावर दोन माणसं लागतात, एक माल देणारा, एक पैसे बघणारा. बँडने शेवटच्या गाण्याच्या आधी एकदा माइकवर सांगायचं, आणि गाणं संपलं की ॲम्प आवरायच्या आधी एकाने तरी टेबलापाशी येऊन उभं राहायचं. लोकांना टी-शर्ट हवा असतोच, पण त्यांना तुमच्याशी दोन शब्दही बोलायचे असतात, मगाशी ज्याने तो सोलो वाजवला त्याच्या हातून घेतलेला टी-शर्ट वेगळा असतो. मी असे टेबल बघितलेत जिथे बासिस्ट आल्यावर दहा मिनिटांत सहा गेले.

छोट्या वस्तू ठेवा, पण मोजक्या. स्टिकर, बॅज, आणि मेटलवाल्यांसाठी शिवायचे पॅच, जॅकेटवर लावतात ते. सातशे नसलेला कॉलेजचा पोरगा पन्नासचा बॅज घेऊन जातो आणि पुढच्या वेळी टी-शर्टला येतो. चहाचे मग काढू नका, फुटतात, जड असतात, गिगला आलेला माणूस मग घेऊन नाचणार कसा.

ऑनलाइनला माझा सल्ला एकच, प्रीऑर्डर. दहा दिवस लिंक उघडी ठेवा, पैसे आधी घ्या, जितक्या ऑर्डर आल्या तितके साइजप्रमाणे काढा, वर गिगसाठी थोडे. कपाटावर खोकं चढवायचं नसेल तर याच्याइतका खात्रीचा रस्ता मला अजून सापडलेला नाही. पण मग तारीख पाळा. छपाईला उशीर झाला तर लगेच सगळ्यांना मेसेज करा, लोक थांबतात, गप्प बसलेल्या बँडवर चिडतात. स्पीड पोस्टला ५१ ते २५० ग्रॅम हा एक टप्पा आहे आणि त्याच्या वर दुसरा, तर १८० जीएसएमचा लार्ज पातळ पिशवीत घातला की बहुतेक २५० च्या आत बसतो, पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला की गेला वर. घरी वजन करून बघा आणि मग पोस्टेज ठरवा.

जीएसटीचं थोडक्यात: २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला रजिस्ट्रेशनची मर्यादा ४० लाख आहे, पण बँड गिगचे पैसेही त्याच नावाने घेत असेल तर तो नुसता माल विकणारा राहत नाही, मग २० लाख धरायची. आणि राज्याबाहेर माल विकायचा तर मर्यादेचा प्रश्नच येत नाही, रजिस्ट्रेशन लागतं. बंगळुरू-दिल्लीच्या ऑर्डर घ्यायच्या आधी एखाद्या सीएकडे अर्धा तास बसा.

जे उरतील ते नीट ठेवा. पुठ्ठ्याचं खोकं पावसाळ्यात ओलावा ओढतं, काळ्या कॉटनवर पांढरी बुरशी धरते आणि तो वास धुतला तरी जात नाही. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, प्रत्येक नग पिशवीत, मध्ये सिलिका जेलच्या पुड्या, भिंतीला टेकवून ठेवू नका. डांबरगोळ्या टाकल्या तर विकायच्या आधी दोन दिवस वारा द्या. सहा महिने झाले आणि दहा-बाराच उरले असतील तर सरळ किंमत उतरवा, किंवा नव्या डिझाइनच्या प्रीऑर्डरबरोबर अर्ध्या किमतीत जोडा. धरून ठेवल्याने त्यांची किंमत वाढत नाही.

आणि वही. जुनी शंभर पानी वही चालते, ॲप नको. गिगला जाताना साइजवार किती नेले, येताना किती आणले, रोख किती, यूपीआय किती, फुकट किती आणि कुणाला. हे त्याच रात्री करायचं, भुर्जीपाव खायला बसायच्या आधी, टेम्पोच्या मागच्या फळीवर डबा उघडून, मोबाइलच्या उजेडात. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. सकाळपर्यंत थांबलात तर ड्रमरने त्याच्या मामेभावाला दिलेले दोन लार्ज कुणालाच आठवत नाहीत, आणि पुढच्या गिगला तेच दोन लार्ज आहेत असं समजून तुम्ही नवीन काढत नाही.